रिबोलिता घरी करताना पावाची खळ का होते?

अबोली

नमस्कार. गेल्या डिसेंबरात आम्ही चार दिवस फ्लॉरेन्सला होतो. तिथल्या एका लहानशा खानावळीत रिबोलिता नावाचे सूप खाल्ले आणि तेव्हापासून ते घरी जमवण्याचा ध्यास घेतला आहे. सूप म्हटले की आपल्यासमोर वाटीतून पिण्याजोगा पातळ पदार्थ येतो, पण हे इतके दाट होते की त्यात चमचा उभा राहत होता. काळपट हिरव्या पानांचे तुकडे, काही अख्खे आणि काही घोटलेले पांढऱ्या घेवड्याचे दाणे, आणि या सगळ्यात मुरलेला पाव. तो पाव डोळ्यांना वेगळा दिसत होता, पण जिभेवर ठेवताच विरघळत होता. वरून कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार सोडलेली होती.

परत आल्यावर तीन वेळा केले आणि तिन्ही वेळा पावाची खळ झाली. पांढरा राजमा कुकरमध्ये शिजवून घेतला. कांदा, गाजर आणि सेलरी तेलात परतून त्यात कोबी, पालक, बटाटा, टोमॅटो घातले, वीस मिनिटे शिजवले, मग राजमा आणि ब्रेडचे तुकडे घालून ढवळत ढवळत दहा मिनिटे उकळले. चव बरी होती, पण पोत अगदी पतंगाच्या कागदाला लावायच्या खळीसारखा. घरातल्यांनी निमूटपणे खाल्ले, पण दुसऱ्यांदा कोणी वाढून घेतले नाही.

पाव कोणता घ्यावा, तो केव्हा आणि कसा घालावा, आणि तिथली ती काळपट पालेभाजी इथे मिळत नसेल तर काय वापरावे, हे जाणकारांनी सांगावे.

गव्हाळ

ब्रेड ताजा होता की शिळा? आणि कोणता होता?

अबोली

ताजाच होता. नेहमीचा पांढरा, सँडविचचा, कडा कापलेला.

आर्नोकाठ

अबोलीताई, मी नऊ वर्षे फ्लॉरेन्समध्ये राहतो आणि हिवाळ्यात आमच्या घरी हे सूप महिन्यातून दोनदा तरी होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'रिबोलिता' याचा अर्थच 'पुन्हा उकळलेली'. तुम्ही केलेत ते पहिल्या दिवशीचे सूप, ज्याला इथे 'मिनेस्त्रा दी पाने' म्हणजे पावाचे सूप म्हणतात. ते रात्रभर मुरले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळले की मगच त्याची रिबोलिता होते. इथल्या शेतकरी घरांत शुक्रवारी, म्हणजे मांसवर्ज्य दिवशी, मोठे पातेले भरून सूप करायचे आणि पुढचे एकदोन दिवस तेच पुन्हा उकळून खायचे अशी रीत सांगितली जाते. त्यामुळे एका संध्याकाळी सुरू करून त्याच संध्याकाळी संपवायचे हा बेत या पदार्थाला मानवत नाही.

दुसरी गोष्ट पावाची. तोस्कानाचा, म्हणजे फ्लॉरेन्स ज्या प्रांतात आहे तिथला, पाव अळणी असतो. पिठात मीठ अजिबात घालत नाहीत. इथे त्याला 'शोक्को' म्हणतात आणि या शब्दाचा अर्थ अळणी असाही होतो आणि मूर्ख असाही. इथला महाकवी दान्ते याला १३०२ मध्ये फ्लॉरेन्समधून हद्दपार केले गेले. पुढे त्याच्या 'पारादीझो' (स्वर्ग) या काव्याच्या सतराव्या सर्गात त्याचा पूर्वज त्याला सांगतो की परक्याचा पाव किती खारट लागतो हे तुला कळेल. ज्या गावचा पाव अळणी आहे तिथल्या माणसाला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. हा पाव जाड कवचाचा, आतून भरड जाळीचा आणि आंबोणाने, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या विरजणाने, फुगवलेला असतो. तीन-चार दिवसांनी तो इतका टणक होतो की सुरी अडकते, आणि सुपासाठी तोच हवा असतो.

तिसरी गोष्ट ढवळण्याची. पाव घातल्यावर ढवळायचे नाही. खोलगट भांड्याच्या तळाशी पावाचे बोटभर जाड काप मांडावेत, त्यावर गरम सूप ओतावे, पुन्हा काप, पुन्हा सूप, आणि सगळ्यात वर सूप येईल असे पाहावे. झाकण ठेवून ते तसेच सोडून द्यावे. दुसऱ्या दिवशी मंद आचेवर उकळताना लाकडी चमच्याने खालून वर असे दोन-तीनदाच हलवावे. तेवढ्याने पाव हवा तितकाच मोडतो.

भट्टीपाशी

वर सांगितलेले अगदी बरोबर आहे, फक्त त्यामागचे कारण जोडतो. मी घरी गेली काही वर्षे आंबोणाचा पाव करतो.

पाव शिळा होणे आणि पाव वाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भट्टीत पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ होतो. पाव थंड झाल्यावर त्याच स्टार्चचे रेणू हळूहळू पुन्हा ओळीने रचले जातात आणि गर घट्ट होतो. पाणी पावातच असते, तरी तो कोरडा लागतो. अशा घट्ट झालेल्या गरात सूप सावकाश शिरते आणि त्याची भिंत टिकून राहते. ताज्या मऊ पावात हा आधार नसतो. त्यात सँडविचच्या ब्रेडमध्ये साखर, तेल आणि मऊपणा टिकवणारे घटक घातलेले असतात, जे नेमके हे घट्ट होणेच लांबवतात. त्यामुळे तो चार दिवस ठेवलात तरी हवा तसा शिळा होणार नाही. त्याला बुरशी आधी येईल. आणि असा ब्रेड उकळत ढवळला की स्टार्च सुटून पाण्यात मिसळतो. खळ करण्याची कृती तरी यापेक्षा वेगळी कुठे असते?

एक उपयोगी गोष्ट सांगतो. फ्रीजच्या थंडीत पाव सर्वांत लवकर शिळा होतो. एरवी मी पाव फ्रीजमध्ये ठेवू नका असे सांगतो, पण या सुपासाठी कापडात गुंडाळून दोन दिवस अवश्य ठेवा.

सुगरणकट्टा

एवढे थांबायला वेळ नसेल तर काप ओव्हनमध्ये भाजून घेतले तर चालतात. मी नेहमी तसेच करते आणि लगदा होत नाही.

भट्टीपाशी

चालतात, पण भाजू नयेत, वाळवावेत. ओव्हन १०० अंशांवर ठेवून अर्धा-पाऊण तास काप नुसते कोरडे करावेत. त्यांना रंग चढला की भाजल्याची चव येते आणि ती घेवड्याच्या सौम्य चवीवर बसते.

सुगरणकट्टा

मला ती भाजल्याची चवच आवडते, आणि माझ्या घरी तीच मागितली जाते. पण मूळ चव हवी असेल तर तुमचे म्हणणे मान्य आहे.

पानाफुलांत

पालेभाजीबद्दल लिहिते, कारण इथे बहुतेक जण पालक घालतात आणि तिथेच बिनसते. पालक दोन मिनिटांत गळून जातो. रिबोलितातली पाने तास-दीड तास शिजूनही दाताखाली जाणवली पाहिजेत.

तिकडची काळपट भाजी म्हणजे 'कावोलो नेरो', शब्दशः काळा कोबी. तो गड्डा धरत नाही. त्याची पाने लांब, अरुंद आणि खरखरीत असतात, आणि थंडीचा कडाका बसला की गोडसर होतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि हा काळा कोबी ही सगळी एकाच जातीची भावंडे आहेत. मग परक्या नावाची भाजी शोधत हिंडण्यापेक्षा मंडईत नवलकोलची पाने मागावीत. भाजीवाले ती खुडून बाजूला टाकतात आणि विचारले तर बहुधा तशीच देतात. मधली जाड शीर काढून पाने चिरली की फ्लॉरेन्सच्या जवळपास जाता येते. फ्लॉवरची कोवळी पानेही चालतात. कोबीची बाहेरची गडद हिरवी पाने तर आपण स्वतःच्या हाताने काढून फेकतो.

मूळ कृतीत 'बिएतोला' नावाची आणखी एक पालेभाजी असते. ती आणि बीट एकाच जातीचे. म्हणून पालकाऐवजी बिटाची पाने घ्यावीत, मात्र लाल देठ घातले तर सुपाला रंग चढतो, तेव्हा फक्त हिरवा भाग घ्यावा.

अबोली

पानाफुलांत, किती मोलाची माहिती दिलीत! नवलकोलची पाने मी आजवर टाकूनच देत आले.

कोरेगावकर

आमच्याकडे साताऱ्याला कोरेगाव भागात वाघ्या घेवडा होतो, ज्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. फिकट दाण्यावर तांबूस रेघा असतात. मी या सुपात तोच वापरतो. रात्रभर भिजवून, लसणाच्या चार पाकळ्या आणि थोडे तेल घालून मंद आचेवर शिजवला की दाणा लोण्यासारखा होतो. अर्धा घेवडा त्याच्याच पाण्यात घोटून घ्यावा, अर्धा अख्खा ठेवावा. दाटपणा या घोटलेल्या घेवड्यातून आला पाहिजे, सगळा भार पावावर टाकू नये. अबोलीताईंनी दाणे घोटले होते का, हे त्यांनी लिहिलेले नाही.

अबोली

नाही, सगळे अख्खेच घातले होते. आणि शिजवलेले पाणीही ओतून दिले होते.

कोरेगावकर

ताई, ते पाणी म्हणजे या सुपाचा जीव आहे. आपण कटाची आमटी करताना कट ओतून देतो का?

उंबरठा

पण वाघ्या घेवडा घातल्यावर त्याला रिबोलिता म्हणावे का? तिथे पांढरा 'कान्नेल्लिनी'च घालतात ना? प्रत्येक घटक बदलत गेलो तर शेवटी हाती वेगळाच पदार्थ उरेल, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आर्नोकाठ

प्रश्न रास्त आहे. पण घेवडा, बटाटा आणि टोमॅटो हे तिन्ही युरोपात कोलंबसानंतर अमेरिकेतून आले. त्याआधी इटलीत जे दाणे खात ते चवळीच्या कुळातले होते, आणि शेजारच्या उंब्रिया प्रांतात त्रासिमेनो सरोवराकाठी आजही चवळीचीच एक बारीक जात पिकवतात. तेव्हा कोणी आपली चवळी घातली तर ती तिथल्या जुन्या हंडीला अनोळखी ठरणार नाही. तोस्कानात दर गावागणिक भाज्या बदलतात. शिळा पाव, घेवडा, काळा कोबी आणि दुसरी उकळी एवढे मात्र कोणी सोडत नाही.

माझ्या मते वाघ्या घेवड्याचा रस्सा थोडा तपकिरी होईल, चवीला बाधा येणार नाही.

उंबरठा

पटले. दुसरी उकळी सोडायची नाही, हे लक्षात ठेवतो.

रोजमेरी

या सुपात थाइम नावाची सुगंधी पानेही घालतात. ती नसतील तर ओवा घालता येतो. दोन्हींत थायमॉल हा सुगंधी घटक असतो, म्हणून वास एकमेकांच्या जवळचा आहे. मी चिमूटभर घातला होता.

सुगरणकट्टा

मी या मताशी सहमत नाही. ओवा फार तीव्र असतो आणि तासभर शिजल्यावर सगळ्या पातेल्याला भज्यांचा वास लागतो. त्यापेक्षा काहीच न घालणे बरे. वाळवलेले थाइम आता किराणा दुकानांतही मिळते.

आर्नोकाठ

फ्लॉरेन्समध्ये थाइमला 'पेपोलीनो' असे खास स्थानिक नाव आहे आणि या सुपात ते थोडेसेच घालतात. ओवा मलाही जड वाटेल.

निरामिष

हे सूप पूर्ण शाकाहारी असते का? काही कृतींत पार्मेझान चीजची साल घालायला सांगतात.

जुनीपाने

यावर थोडे लिहितो. पेल्लेग्रीनो आर्तुझी हा मूळचा इटलीतल्या रोमान्या भागातला, पण फ्लॉरेन्समध्ये स्थायिक झालेला गृहस्थ. त्याने १८९१ मध्ये पदरमोड करून पाककृतींचे एक पुस्तक छापले, जे आजही इटलीतल्या घराघरांत असते. त्यात 'शेतकरी पद्धतीचे तोस्काना सूप' आहे, ते रिबोलिताच्या पहिल्या दिवसाचेच रूप. त्याचे प्रमाण असे: शिळा पाव ४०० ग्रॅम, पांढरा घेवडा ३०० ग्रॅम, तेल १५० ग्रॅम, पाणी दोन लिटर, अर्धा कोबी, तितकाच किंवा जास्त काळा कोबी, बिएतोलाची जुडी, एक बटाटा आणि थोडे पेपोलीनो. तो डुकराच्या कातडीच्या काही पट्ट्याही घालतो. त्या वगळल्या की बाकी सारे शाकाहारी उरते, आणि आज बऱ्याच घरांत त्या वगळलेल्याच असतात.

तेलाचे प्रमाण पाहून दचकू नये. सहा-आठ माणसांच्या पातेल्याला एवढे तेल लागतेच, कारण त्यात दुसरा कोणताही स्निग्ध पदार्थ नाही.

पार्मेझानबद्दल सांगायचे तर मूळ पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध साकळवणाऱ्या द्रव्याने, बनवतात, त्यामुळे ते शाकाहारी नसते. या सुपाला त्याची गरजही नाही.

निरामिष

मनापासून आभार. चीजशिवायच करते.

दादरकर

एक काळजीची गोष्ट. रात्रभर मुरवायचे म्हणजे ओट्यावर ठेवायचे नाही. तोस्कानातल्या हिवाळ्यात स्वयंपाकघर थंडगार असते. मुंबईच्या दमट हवेत घेवडा, बटाटा आणि पाव एकत्र असलेले पातेले सकाळपर्यंत आंबेल, आणि स्टार्चयुक्त अन्नात वाढणारे काही जिवाणू असे विष सोडतात की ते नंतर उकळूनही जात नाही. सूप उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी मधोमध रटरटेपर्यंत उकळावे.

आणखी एक. राजमा किंवा घेवडा मंद आचेच्या विजेच्या भांड्यात थेट घालू नये. कच्च्या दाण्यात, विशेषतः लाल राजम्यात, एक विषारी घटक असतो आणि तो नष्ट व्हायला किमान दहा मिनिटे खळखळून उकळावे लागते. कुकरमध्ये शिजवणाऱ्यांना ही चिंता नाही.

गव्हाळ

मग कुकर चालतो ना? वर मंद आचेचा आग्रह दिसला म्हणून विचारतो.

कोरेगावकर

घेवड्याला चालतो. भाज्यांना मात्र नको. कांदा, गाजर, सेलरी बारीक चिरून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे परतावे, तांबूस होऊ देऊ नये, मग पाने आणि बटाटा घालून घेवड्याच्या पाण्यात निदान तासभर शिजू द्यावे. टोमॅटो एखादाच घालावा, आणि तोही घेवडा पूर्ण शिजल्यावर, कारण आंबटपणात दाणा लवकर मऊ होत नाही.

पोदेराचे_घर

गोव्याहून लिहिते. आमच्याकडे सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पोई घेऊन येतो. कोंडा लावलेला, आतून पोकळ, चिवट पाव. उरलेल्या पोया दोन दिवसांत चामड्यासारख्या होतात आणि या सुपात सुरेख लागतात. आकार टिकतो आणि कोंड्याची चवही उतरते. फक्त पोईत मीठ असते. तुम्ही अळणी पावाचे लिहिलेत तेव्हा मला कळले की माझे सूप पहिल्यांदा खारट का झाले होते.

भट्टीपाशी

नेमके. आपल्याकडच्या पावात पिठाच्या दोन टक्क्यांच्या आसपास मीठ असते. ३०० ग्रॅम पाव घातला की त्यासोबत अंदाजे तीन-चार ग्रॅम मीठ सुपात जाते. पहिल्या दिवशी सूप थोडे अळणीच ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी चाखून मीठ घालावे.

अबोली

बारा दिवसांनी परत आले आहे, कारण आधी करून पाहायचे होते.

शनिवारी सकाळी मंडईतून नवलकोलच्या पानांची मोठी जुडी आणली. पांढरा घेवडा रात्री भिजवला होता. तो लसूण घालून कुकरमध्ये शिजवला, पाणी थेंबभरही ओतले नाही, अर्धा घोटला. पाव जवळच्या बेकरीतला, आंबोणाचा, बुधवारी आणून कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवलेला. कापताना खरोखरच सुरी अडकली. भाज्या सव्वा तास शिजल्या. मग काचेच्या दोन उथळ भांड्यांत पाव आणि सुपाचे थर दिले, तास-दीड तासात फ्रीजमध्ये ठेवले.

रविवारी सकाळी झाकण काढले तेव्हा वरचे सारे सूप पावाने पिऊन टाकले होते आणि सुरीने वडी पाडता येईल इतके ते आळले होते. जाड बुडाच्या पातेल्यात वाटीभर गरम पाणी घालून मंद आचेवर ठेवले. हात शिवशिवत होते, तरी तीनदाच हलवले. पावाचे कोपरे मोडले आणि मधला भाग तसाच राहिला. अगदी तिथल्यासारखा. थाइम घातले, ओवा नाही. मीठ शेवटी घातले आणि ते खरोखर थोडेच लागले.

सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि विचारले, "ही कुठली भाजी?" नवलकोलची पाने म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी दोनदा वाढून घेतले. नवऱ्याने पातेल्याच्या बुडाची खरवड काढून खाल्ली आणि ती सगळ्यांत चांगली होती असे सांगितले.

आता एकच विचारते. ती खरवड मुद्दाम आणता येते का?

आर्नोकाठ

अबोलीताई, फार आनंद झाला. येते. इथे तिसऱ्या दिवशी उरलेली रिबोलिता लोखंडी तव्यावर तेलात पसरतात आणि थालीपिठासारखी एका बाजूने खरपूस होईपर्यंत हलवत नाहीत. मग उलटतात. सोबत पातळ चिरलेला कच्चा लाल कांदा घ्यावा आणि वरून ताज्या तेलाची धार सोडावी. पाणी मात्र अजिबात घालू नये.

पानाफुलांत

आमच्या मंडईत आज नवलकोल पानांसकट आला आहे. मी दोन जुड्या बाजूला काढून ठेवायला सांगितल्या आहेत.